उलटी किनार

भिंतींना कान असतात म्हणे.
असतील. गोंदारच्या किल्ल्यात मी भिंतींना फक्त ओल पाहिली.
कान माझे होते,
आणि कानांहून कामाचे डोळे,
काहा नदीच्या दगडावर वाकलेले.

येतेमेग्न हे माझं नाव. दरबारात ते कुणी विचारलं नाही.
नावानं हाक मारायचा एक खेचरवाला, तोही बोबडा.
बाकीच्यांना मी म्हणजे एंदोदचा फेस.
एंदोद ही एक बी, रिठ्याची मावसबहीण समजा.
डाग काढते, आणि हाताची सालंही.

माणूस तोंड मिटून घेतो,
पण अंगावरची पांढरी शम्मा बोलत राहते.
खांद्यावरून सैल सोडली, तर आज मन मोकळं.
कमरेला आवळली, तर धन्यापुढे उभा आहे.
नाकापर्यंत ओढली की समजायचं, याला ओळख द्यायची नाही.
आणि पायाशी असायची ती किनार गळ्याशी आली,
तर घरातलं कुणीतरी गेलं.

हे वाचायचं, रात्री मागच्या जिन्यानं जाऊन राणीला सांगायचं.
महिन्याला मिठाच्या दोन विटा मिळत.
आमच्याकडे मीठ हेच नाणं.

लिज मेर्कोरे शिकारीला गेला.
राणीचा सावत्र मुलगा, पण तिनंच घास भरवून वाढवलेला,
तिचं स्वतःचं पोर तेव्हा पाळण्यात.
चौथ्या दुपारी एक खेचर आलं, तोंडाला फेस.
वरचा माणूस दारातच कोसळला. म्हणाला, दरीत. घोड्यासकट.
खोगिराचा पट्टा तुटलेला नव्हता.
कापलेला होता.

राणीनं केस उतरवले.
तिसऱ्या रात्री मला म्हणाली, शोध.

शोधलं.
सगळ्यांचं बोट फितावरारी अस्रातकडे.
पण त्याच्या कपड्यांवर मधाची दारू, ओकारी, गवताचे हिरवे ओरखडे;
निघायच्या आदल्या रात्री तो तबेल्यापर्यंत चालूच शकला नसता.
खजिनदाराच्या बाहीवर मेण. त्याचं पाप वेगळं, पलीकडच्या गल्लीतलं.
घोडेवाल्याचा पोरगा सापडलाच नाही,
त्याचं धुणंही नाही.

सातव्या दिवशी राणीचं गाठोडं आलं.
त्यात त्या पहाटेची शम्मा,
प्रार्थनेला ल्यालेली,
खेचर अजून डोंगरापलीकडे होतं तेव्हाची.
किनारीला एक आडवी मोड होती, बरोबर गळ्याशी येते तिथं.
वर घेतलेली. मग काहीतरी आठवून, घाईनं,
परत पायाशी सोडलेली.

वेळ झाली नव्हती ना अजून.

मोडीत पांढुरकं काही साचलं होतं.
इकडेतिकडे पाहून मी जीभ लावली.
मीठ.

आईला आधी कळतं, म्हणतात. कळतही असेल.
स्वप्न पडलं असेल, पापणी फडफडली असेल.
किंवा पट्टा किती वाटेवर टिकेल
हे तिनं बोटांवर मोजलं असेल, आणि तरी रडली असेल.
दोन्ही खरं असू शकतं का, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

ऊन दगडावरून पार उतरलं तोवर मी बसून होते.
मग शम्मा भिजवली.
तीनदा आपटली. मोड गेली.

रात्री तिनं विचारलं, काय सापडलं?
काही नाही, बाईसाहेब.
ती माझ्या हातांकडे बघत राहिली.
म्हणाली, स्वच्छ धुतेस तू.

दुसऱ्या दिवशी अस्रातला साखळदंडात उभ्या कड्यावरच्या तुरुंगात नेलं.
त्याची म्हातारी घोड्यामागे वेशीपर्यंत धावली.
तिची किनार नीट पायाशीच होती,
कारण तो अजून जिवंत होता.

त्या महिन्यात मला मिठाच्या चार विटा आल्या.
मी परत पाठवल्या नाहीत.

आता इथं, ताना सरोवराकाठच्या मठात,
उपासाच्या दिवसांत जेवण अळणी असतं.
नव्या पोरी कुरकुरतात.
मला चालतं.